उजाड खाडीत गावाला सोबत घेऊन कांदळवन परत आणता येतं का? सुरुवात कुठून करावी?

तुमच्या खाडीतली तिवरं, म्हणजे कांदळवनातली खारफुटीची झाडं गेली, चिखल उघडा पडला, गाव श्रमदानाला तयार आहे, आता कोणती रोपं आणावीत असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, इतक्यात रोपं आणूच नका.

मी विट्याचा. दुष्काळी मुलखातला माणूस खाडीवर काय सांगणार, असं वाटेल. पण नोकरीची अकरा वर्षं मालवणकडच्या एका खाडीकाठच्या शाळेत गेली आणि हाच उद्योग करून मी तोंडघशी पडलोय. कांदळ हे खारफुटीचंच दुसरं झाड, त्याचं बी झाडावरच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबतं. ते आणून चिखलात उभं रोवायचं, इतकं सोपं काम. पोरांना घेऊन रांगाच्या रांगा लावल्या, फोटो काढले, भाषणं झाली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळं साफ. कालवं, म्हणजे खाडीतले शिंपले काढणारी एक आजी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "गुरुजी, हय पाणी येता, पण जाता खय?" आम्ही ते हसण्यावारी नेलं.

खरं तर तिनं एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. वरच्या बाजूला रस्त्याचा भराव होता आणि त्याखाली एवढासा पाईप. भरतीचं पाणी आत यायचं आणि तुंबून राहायचं. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. ओहोटीला ती उघडी पडली तरच झाड जगतं. उलट, खाली समुद्राकडं जिथं चिखल बहुतेक वेळ पाण्याखालीच असतो, तिथंही रोप तग धरत नाही. नेमकी हीच जागा मोकळी दिसते म्हणून लोक तिथं लावतात. फिलिपीन्समध्ये अशा मोठमोठ्या लागवडींतली जेमतेम 10 ते 20 टक्के झाडं टिकली.

म्हणून आधी पाणी बघा. पाण्याची वाट मोकळी झाली आणि जवळपास जुनी झाडं असली, तर भरती स्वतःच बी आणून टाकते. पण हौसेनं जेसीबी लावू नका. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडीवर बंदी घातलीय, भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. वनविभागाच्या कांदळवन कक्षाला आणि ग्रामपंचायतीला विचारूनच काय ते करा. पाणी अडवणारा बांध खारभूमीचा, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला असेल तर त्याच्यामागं कुणाचं तरी भातशेत आहे, हेही विसरू नका.

आता माणसांचं. श्रमदानाला येणारा माणूस एक दिवस येतो. रोज चिखलात उतरणारा खेकडेवाला, कालवं काढणाऱ्या बायका, जळणाला तिवर तोडणारं घर, ज्यांची गुरं कोवळे शेंडे खातात ते, हे सगळे बैठकीला आले नाहीत तर ती बैठक झालीच नाही असं समजा. आमच्या सांगलीकडच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा धरण बांधायला घेतलं. ठेकेदारांच्या बेसुमार वाळूउपशाविरुद्ध लढले, आणि नदीतली थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला. पण मला त्यातलं खरं वाटतं ते वेगळंच. पाण्यात भूमिहीनांचाही वाटा ठरला. ज्याला वाटा असतो तो राखण करतो.

खाडीत तो वाटा म्हणजे खेकडे, कालवं, जिताडा मासा. राज्याच्या 2017 च्या उपजीविका योजनेत गटाला अशा व्यवसायासाठी 90 टक्के रक्कम सरकार देतं, 10 टक्के गटानं घालायची. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. तिथं तोडीची गोष्ट काढून बघा, काय ऐकून घ्याल!

तेव्हा येत्या अमावस्येला उधाणाच्या वेळी खाडीवर जा. पाणी कुठवर चढतं तिथं काठ्या रोवा. सहा तासांनी ओहोटीला परत या आणि कुठं पाणी साचून राहिलंय ते बघा. जाताना एखाद्या कालवं काढणाऱ्या बाईला सोबत घ्या. त्यानंतर खाडीचा नकाशा इथं टाका, मग कोणती झाडं ते बोलू.