वाचकांचे प्रश्न : तिवा, चिलटे आणि मच्छरदाणी

प्रश्न : गाईला अचानक ताप चढला, लाळ गळू लागली. कधी एका, तर कधी दुसऱ्या पायाने लंगडत संध्याकाळी ती बसलीच. बाटलीने औषध पाजले. आता ताप उतरलाय, पण ती धापा टाकते. सुरुवातीलाच अँटिबायोटिक दिले असते तर?

उत्तर : लक्षणे तिव्याची आहेत. डास-चिलटांमार्फत पसरणाऱ्या या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ताप 104 ते 107 अंश फॅरनहाइटपर्यंत जातो, रक्तातले कॅल्शियम उतरते, रवंथ थांबते आणि गिळणे अवघड होते. अशा वेळी पाजलेले औषध श्वासनळीत उतरते. धाप बहुधा त्याचीच आहे, आणि या फुफ्फुसदाहाला मात्र अँटिबायोटिक लागते. डॉक्टरांना आजच बोलवा.

तिव्यात तोंडाने काहीही पाजू नये, साधे पाणीसुद्धा. पाणी पुढ्यात ठेवा, पिईल तेव्हा पिईल. तापाला आणि सांधेदुखीला मेलोक्झिकॅमची सुई, दर किलो वजनाला 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 400 किलोच्या गाईला 200. कॅल्शियम शिरेतून द्यायचे तर कोमट करून, 10 ते 20 मिनिटे लावून, हृदयाचे ठोके ऐकत. घाईने सोडल्यास हृदय बंद पडते. ते काम डॉक्टरांचेच. बसलेले जनावर छातीवर टेकलेले राहू द्या, आडवे पडले की पोट फुगते. खाली जाड गवत, आणि दर तीन-चार तासांनी कूस बदला. बैल तिसऱ्या दिवशी उठला तरी आठवडाभर जुंपू नका. दूध त्या वेतात पूर्वीइतके येईलच असे नाही.

प्रश्न : मच्छरदाणी लावूनही मेंढ्यांना निळी जीभ कशी झाली?

उत्तर : हा रोग पसरवणारी चिलटे जेमतेम 1 ते 3 मिलिमीटरची, डासांच्या जाळीतून सहज शिरतात. बारीक छिद्रांची, कीटकनाशक लावलेली जाळी हवी. मेंढ्या दिवस मावळण्याआधी आत घ्या. हौदाभोवतीचा शेणमिश्रित चिखल हटवा, चिलटे तिथेच वाढतात. गळका नळ तसाच ठेवून नुसती फवारणी करणे वाया. शेजारी गाई असतील तर त्यांच्याकडेही बघा : वरून ठणठणीत दिसणाऱ्या गाईच्या रक्तात हा विषाणू कित्येक आठवडे राहतो.

प्रश्न : तिव्याचे जनावर वेगळे बांधावे का?

उत्तर : गरज नाही, तिवा स्पर्शाने पसरत नाही. लम्पीचे मात्र वेगळे बांधा, आणि त्याला टोचलेली सुई दुसऱ्याला वापरू नका.