ठाण्यात राहतो. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बालीचा बातूर ज्वालामुखी चढता येईल का?

येईल की. आमचा मुलगा दहाचा होता तेव्हा आम्ही बापलेक चढलो होतो. माथा १७१७ मीटर, पण पायथाच हजारावर आहे, त्यामुळे चढ साधारण दोन तासांचा. सूर्योदय बघायचा तर पहाटे चारला अंधारात निघायचं; पोरांची खरी कुरकुर तिथेच. शेवटी भुसभुशीत काळी खडी: दोन पावलं वर, एक खाली. बुटांत जातेच, मोजे उंच घाला. वर फटींतून वाफ येते, वाटाडे तिच्यावर अंडी उकडतात. आमच्या पठ्ठ्याला ज्वालामुखीपेक्षा अंडंच आठवतं! उद्रेक २००० साली झालाय, तेव्हा निघण्याआधी इशारा बघा. सरावाला खारघरचा डोंगर पुरे. तोही लाव्हाचाच, फक्त सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावलेला.