आजीच्या कालनिर्णयवरची मेथी

प्रिय ईरा,

सांगलीहून आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "आई, आजी कालनिर्णयच्या चौकोनात रोज भाजीचं नाव का लिहिते? आणि पालेभाजीवर वरून एवढं तेल का ओतते? आपण तर वाफवून खातो." फोनवरही सांगता आलं असतं, पण हे मला तुला लिहूनच द्यायचं होतं. तुझे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांच्या उत्तरात माझी एक चूकही आहे.

आधी तेलाचं सांगते. आपल्या सांगलीच्या घरी चाकवत शिजला की रवीनं घोटायचा, ताक-बेसन लावायचं आणि शेवटी लसणाची चुरचुरीत फोडणी वरून ओतायची. मेथी परतायची तीही शेंगतेलात. कोवळी मेथी कच्ची खायची म्हटलं तरी ताटात शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर तेलाची धार हवीच. आजीला विचारलंस तर म्हणेल, "तेलाबिगर पाला घशाखाली उतरतोय होय?" तिच्या लेखी हा चवीचा मामला आहे, आणि चव तर आहेच. पण त्याच तेलाच्या आधारानं पाल्यातलं 'के' जीवनसत्त्व अंगाला लागतं.

हे जीवनसत्त्व सापडलं ते आपण राहतो त्या कोपनहेगनमध्ये. १९२९ साल होतं, म्हणजे तू संध्याकाळी आजोबांबरोबर फिरायला जातेस तो आयर्विन पूल कृष्णेवर उभा राहिला तेच वर्ष. हेन्रिक डाम नावाचे शास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचा अभ्यास करण्यासाठी कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढून टाकलेलं खाद्य देत होते. पिल्लांच्या कातडीखाली रक्त साकळायला लागलं. कोलेस्टेरॉल परत घालून पाहिलं, तरी थांबेना. खाद्यातली चरबी काढताना तिच्यात विरघळणारं आणखी काहीतरी निघून गेलं होतं. १९३५ मध्ये डाम यांनी त्याला 'के' हे नाव दिलं, कारण रक्त गोठण्यासाठी डॅनिश आणि जर्मन भाषेत जो शब्द आहे तो के अक्षरानं सुरू होतो. १९४३ चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेतल्या एडवर्ड डॉयझी यांना मिळून मिळालं.

चरबी गेली आणि तिच्याबरोबर के गेलं, यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. के पाण्यात विरघळत नाही, म्हणून भाजी शिजवल्यानं ते फारसं वायाही जात नाही. पण पानात ते घट्ट अडकलेलं असतं. गोळीतून शरीराला जेवढं के मिळतं, त्याच्या फार तर ४ ते १७ टक्के पालकातून मिळतं. सोबत तेल, तूप किंवा लोणी असलं की ते जास्त शोषलं जातं. शेंगतेलात स्वतःचं के जवळजवळ नसतं, ते फक्त पानातलं के आत पोचवतं. त्यासाठी चमचाभर तेल पुरतं. आजी ओतते तेवढं लागत नाही, पण ते तिला तू सांगू नकोस, मी सांगेन.

मागच्या वर्षी विळीवर तुझं बोट कापलं होतं आणि आजीनं हळद दाबून धरली होती, आठवतं? रक्त थांबलं, कारण तुझ्या रक्तात गोठवणारी प्रथिनं तयार होती. ती यकृतात बनतात. पण के नसेल तर ती कडी नसलेल्या दारासारखी राहतात. कॅल्शियमला धरून ठेवायला त्यांना जी कडी लागते, ती के लावून देतं. हाडांतल्या एका प्रथिनालाही तशीच कडी लागते, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणाऱ्या दुसऱ्या एकालाही. म्हणून मला वाटतं की वाढत्या वयात तू पालेभाजी टाळू नयेस.

तू सांगलीत जन्मलीस, तेव्हा पहिल्याच दिवशी तुझ्या मांडीत १ मिलिग्रॅम के चं इंजेक्शन दिलं होतं. बाळाला आईच्या पोटात असताना के फार कमी मिळतं, आणि आईच्या दुधातही ते कमीच असतं. आजी मला रोज शेपूची भाजी आणि तूप खाऊ घालत होती, तरी दुधातून तुला पुरेसं मिळालं नसतं. तू त्या सुईनं इतकी रडलीस की आजोबा खोलीबाहेर निघून गेले.

आता कालनिर्णय. तू तीन वर्षांची असताना आजोबांच्या हृदयाची एक झडप बदलली. नव्या धातूच्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून ते रोज संध्याकाळी वॉरफरिनची गोळी घेतात. शरीर वापरलेलं के पुन्हा कामाला लावत असतं. ती वाट ही गोळी अडवते, मग रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. किती, ते आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं. आजोबांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा.

मी इथं बसून वाचलं की हिरव्या पाल्यातलं के या गोळीचा जोर कमी करतं. लगेच फोन केला आणि आजीला सांगितलं, पालेभाजी बंद. लेक शिकलेली, तिला कळत असणार, म्हणून आजीनं ऐकलं. महिनाभर बटाटा, दुधी, दोडका. गोळी मात्र तेवढीच. दात घासताना आजोबांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, नुसत्या धक्क्यानं दंडावर काळेनिळे डाग उठले. तपासणीत आकडा पाचच्या वर. डॉक्टरांनी गोळी कमी केली. मग थंडी पडली, बाजारात हरभऱ्याचा पाला आला आणि आजीला राहवलं नाही. आठवडाभर पाला, मेथी, चाकवत. आकडा दोनच्या खाली, म्हणजे आता गुठळीची भीती.

तेव्हा डॉक्टर आजीला म्हणाले, "काकू, भाजी बंद करू नका. रोज साधारण सारखी द्या, गोळी आम्ही भाजीच्या मापानं बसवतो." आजीनं हे फोनवर मला जसंच्या तसं ऐकवलं, आणि फोन ठेवल्यावर मी खूप रडले. अर्धवट वाचून मी बाबांना धोक्यात घातलं होतं.

त्या दिवसापासून आजी लिहिते. पूर्वी त्या चौकोनांत दुधाचा हिशेब असायचा, आता भाजीचा असतो. दुपारच्या जेवणात एक वाटी पालेभाजी, ना कमी ना जास्त. आमटीवरची चिमूटभर कोथिंबीर ती धरत नाही, पण कोथिंबिरीची चटणी वाटली तर तीही लिहिते, आणि तिचं बरोबर आहे. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ४८० मायक्रोग्रॅम के असतं, कोथिंबिरीत ३००च्या वर. अमेरिकेत मोठ्या पुरुषाला दिवसाला १२० आणि बाईला ९० पुरेसं धरतात. म्हणजे मूठभर पाल्यानंही आयएनआरचा आकडा हलू शकतो. अंड्याच्या बलकात आणि चीजमध्ये दुसऱ्या प्रकारचं के असतं, पण आजोबांच्या ताटात ते दोन्ही क्वचितच येतं.

गुरुवारी आजोबांची तपासणी आहे. तू बरोबर जा. रिपोर्ट आला की आकडा त्या चौकोनात तूच लिही आणि मला फोटो पाठव. मी आज इथल्या बाजारातून ग्रॉनकोल नावाचा हिरवा पाला आणलाय. डॅनिश लोक नाताळात तो मलई घालून शिजवतात, म्हणजे तेही पाला कोरडा खात नाहीत. मी त्याला लसणाची फोडणी देणार आहे. पानं फार जाड आहेत, तेवढं आजीला विचार, झाकण किती वेळ ठेवू?

तुझी,
आई