उकळलेले पाणी आणि गाळातले शिसे

प्रश्न : आम्ही सांगलीवाडीत नदीकाठी राहतो. उन्हाळ्यात पात्रात मेलेले मासे तरंगताना दिसले की आम्ही काही दिवस मासे आणत नाही आणि पाणी उकळून पितो. नदीत शिसे, कॅडमियम असे जड धातू उतरतात, असे नुकतेच वाचनात आले. त्यासाठी एवढी काळजी पुरेशी आहे का? आमच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, जमिनीतली पालेभाजी आम्ही रोज खातो.
— एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : आपण घेता ती काळजी योग्यच आहे, परंतु ती वेगळ्या आजारांसाठी आहे. उकळण्याने कावीळ, विषमज्वर यांचे जंतू मरतात. शिसे किंवा कॅडमियम मात्र भांड्यातच राहते आणि लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झाले, तर त्याचे प्रमाण एक तृतीयांशाने वाढते. तुरटीने गढूळपणाला चिकटलेला धातू तळाशी बसतो, विरघळलेला बराचसा पाण्यातच राहतो.

मेलेले मासेही धातूची खूण सहसा नसतात. शेरी नाल्यासारख्या नाल्यातले सांडपाणी किंवा साखर कारखान्याचे मळीमिश्रित पाणी कमी प्रवाहात मिसळले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. (आपल्याकडे कारखान्याची मळी आणि नदीकाठची मळी यांना शब्द एकच आहे, हा योगायोग बोलका आहे.) धातू अशी वर्दी देत नाहीत, मुलामा देण्याच्या कामातून, जुन्या बॅटऱ्यांतून आणि रंगांतून आलेला धातू नितळ दिसणाऱ्या पाण्यातही असू शकतो आणि त्याचा मोठा वाटा गाळात जाऊन बसतो.

म्हणूनच मला आपल्या नळापेक्षा आपल्या जमिनीविषयी अधिक विचारावेसे वाटते. जपानमधील जिंझू नदीत खाणीतून कॅडमियम उतरले आणि त्या पाण्यावर पिकलेला भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. ‘दुखतंय, दुखतंय’ अशा अर्थाच्या ‘इताई-इताई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आजाराचे कारण तेथील सरकारने 1968 मध्ये अधिकृतपणे मान्य केले. कृष्णाकाठी तशी स्थिती आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. धातू पाण्याइतकाच ताटातूनही येतो, एवढेच दाखवायचे आहे. पालकासारखी पालेभाजी कॅडमियम मुळांवाटे आत ओढून घेते, ते धुऊन जात नाही. शिसे मात्र बहुतांशी पानांवरच्या मातीत असते आणि दोन-तीन पाण्यांनी बरेच निघते. आपल्याकडची चुनखडीयुक्त काळी माती कॅडमियमला बऱ्यापैकी धरून ठेवते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. तरीही 2019 आणि 2021 च्या पुरांनी आणलेला गाळ शेतात असेल, तर माती एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावी, आणि शहरी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घालू नये. माशांची कल्ले, यकृत काढून टाकावीत. पारा मात्र मांसातच साठतो, म्हणून मरळीसारखे मोठे शिकारी मासे रोज खाऊ नयेत.

प्रश्न : फिल्टर विकणाऱ्याने पेनासारखे यंत्र पाण्यात बुडवून आकडा दाखवला आणि पाणी शुद्ध आहे म्हणाला. त्यावर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : धातूंच्या बाबतीत ठेवू नये. ते यंत्र विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज देते आणि तो आकडा लिटरला शेकडो मिलिग्रॅम असा असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आणि कॅडमियमची 0.003 मिलिग्रॅम आहे, तेवढा फरक त्यात दिसणे शक्य नाही. आरओने हे धातू बऱ्याच अंशी निघतात, साध्या कँडलने निघत नाहीत. घरात लहान मूल असेल, तर अधिक सावध राहावे, कारण मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषले जाते, आणि अंगात लोह कमी असेल तर त्याहून अधिक. शंका असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहावे.