मीटर बदलल्यावर एकदम ९१२ युनिटचं बिल आलं, भरायचं का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: एप्रिलमध्ये सोसायटीतले सगळे मीटर बदलले. पुढचे दोन महिने सरासरीने १९०-१९० युनिटची बिलं आली, ती तुम्ही भरली. आता तिसऱ्या महिन्यात एकदम ९१२ युनिटचं बिल आलंय आणि कार्यालयात सांगतात, "आधी भरा, मग अर्ज करा."

जसंच्या तसं भरू नका, आणि बिल घरात ठेवून गप्पही बसू नका. देय तारखेच्या आत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही.

इतकं ठामपणे सांगते, कारण आम्ही यातून गेलोय. आमचा मीटर १७ जूनला बदलला. मी कामावर होते, घरी बाबा एकटे. लाइनमनने जुना मीटर काढला, नवीन बसवला, एका कागदावर बाबांची सही घेतली आणि गेला. त्या महिन्याचं बिल आलं ५२१ युनिटचं. दोन खोल्यांचं घर, एसी नाही, ऐन उन्हाळ्यातही आम्ही सव्वादोनशेच्या वर कधी गेलो नव्हतो. बाबा दोन दिवस घरातले पंखे बंद करत फिरत होते. आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना वाटत होतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

रात्री बिल घेऊन बसले. मागील रीडिंग ३, चालू रीडिंग ८१, म्हणजे नवीन मीटरवर अकरा दिवसांत ७८ युनिट. ते बरोबर होतं. त्याच ओळीत पुढे 'समायोजित युनिट' असा एक रकाना आहे. एरवी तो रिकामा किंवा शून्य असतो, म्हणून आपण बघतसुद्धा नाही. तिथे ४४३ होते.

मीटर महिन्याच्या मध्येच बदलला की जुन्या मीटरवरचे शेवटचे दिवस या रकान्यात येतात. आधीच्या बिलात जुन्या मीटरचं रीडिंग होतं २३,४१८. त्यात ४४३ मिळवले की २३,८६१. म्हणजे मीटर काढताना तेवढं रीडिंग होतं असं कंपनीने धरलं होतं. आता बाबांची एक सवय. दर एक तारखेला ते मीटर बघून कालनिर्णयवर आकडा लिहितात. जूनच्या पानावर १ तारखेच्या चौकटीत २३,४४७ होते, आणि १७ च्या चौकटीत बारीक अक्षरात, पेन्सिलने: "जुना २३,५६१, नवा ३."

तीनशेचा फरक. सोळा दिवसांत ११४ युनिट आमच्या घरात जळतात, ४१४ नाही.

मीटर बदलीच्या अहवालाची प्रत मिळवायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. मिळाली तेव्हा घोळ डोळ्यांसमोर आला. इंग्रजीत घाईने लिहिलेला पाच, त्याची वरची रेघ वळून खालच्या पोटाला चिकटलेली, आणि बिलिंगमध्ये भरणाऱ्याने तो आठ वाचला. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. पण खरं बिल २२१ युनिटचं, म्हणजे दुसऱ्या स्लॅबच्या (दराच्या टप्प्याच्या) आत. ५२१ झाल्यामुळे आम्ही तिसरा स्लॅब पूर्ण ओलांडून चौथ्यात गेलो होतो, आणि त्या सगळ्या रकमेवर १६ टक्के वीज शुल्क वेगळं.

आमचं नशीब, की जुना मीटर अजून भंगारात गेला नव्हता. आकड्यांची चाकं असलेला तो जुन्या पद्धतीचा मीटर होता. वीज कार्यालयातल्या साहेबांनी तो बाहेर काढायला लावला, धूळ पुसली, आत २३,५६१ स्वच्छ दिसत होते. दहा मिनिटांत प्रश्न मिटला. म्हणून तुमच्या अर्जातली पहिली ओळ हीच असू द्या: "माझा जुना मीटर (क्रमांक अमुक) तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नये, आणि मीटर बदली अहवालाची प्रत मला द्यावी." एकदा जुना मीटर गेला की उरतो फक्त तो हाताने लिहिलेला कागद.

आता तुमचं बिल. ९१२ हा आकडा तीन महिन्यांचा मिळून आहे का, हे आधी बघा. नवीन मीटरचं आजचं रीडिंग, वजा सुरुवातीचं रीडिंग, अधिक समायोजित युनिट, हे मिळून ९१२ होतात का? होत असतील तर बिल तीन महिन्यांचं आहे, आणि मग तुम्हाला दोन गोष्टी मिळायलाच हव्यात.

पहिली म्हणजे भरलेल्या दोन बिलांची वजावट. १९० दुणे ३८० युनिटचे पैसे तुम्ही आधीच दिलेत. ते या बिलात वजा दिसले पाहिजेत.

दुसरी स्लॅबची. लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. आपल्याकडे महाराष्ट्रात घरगुती दर पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५००, आणि त्यापुढे असे चढत जातात, आणि ही मर्यादा एका महिन्याची असते. ९१२ युनिट एकाच महिन्यात जळले असं धरलं, तर १०० पहिल्या दराने, २०० दुसऱ्या, २०० तिसऱ्या आणि तब्बल ४१२ सगळ्यात महाग दराने लागतात. तेच तीन महिन्यांत विभागले, तर ३०० पहिल्या दराने, ६०० दुसऱ्या दराने आणि जेमतेम १२ तिसऱ्या दराने. युनिट तेवढेच, पण बिलात हजारोंचा फरक. अर्जात "तीन महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ द्यावा" असं स्पष्ट लिहा. बिल दुरुस्तीला तिथे 'बी-८०' म्हणतात, आणि तुमच्या खात्याच्या महिनावार उताऱ्याला 'सीपीएल'. हे दोन शब्द वापरलेत की समोरचा माणूस नीट ऐकून घेतो, हा माझा अनुभव. सीपीएल जरूर मागून घ्या. कुठल्या महिन्यात कोणतं रीडिंग भरलं आणि सरासरी का लावली, ते सगळं त्यात दिसतं.

एवढं करूनही महिन्याला ३०४ युनिट पडतात, आणि तुमची सवय १९० ची. एप्रिल ते जून म्हणजे उन्हाळा, थोडी वाढ होणारच. शिवाय चाकाचे जुने मीटर झिजून सावकाश चालायला लागतात आणि चार्जर किंवा बंद टीव्हीसारखा बारीक भार नोंदवतच नाहीत. नवीन मीटर तो पकडतो. पण त्याने काही युनिट वाढतील, शंभर नाही. म्हणून एक तपासणी आजच करा, फुकटची आहे.

घरातल्या कुणालातरी मीटरपाशी उभं करा आणि तुमच्या घरातला मेन स्विच बंद करा. बिलावर छापलेला मीटर क्रमांक ज्या मीटरवर आहे, त्याची लुकलुकणारी लाल लाइट थांबली पाहिजे. ती लुकलुकतच राहिली आणि शेजारच्या मीटरची थांबली, तर तुमची वायर दुसऱ्याच्या मीटरला जोडली गेलीय. पूर्ण इमारतीचे मीटर एका दिवसात बदलतात तेव्हा ही अदलाबदल सर्रास होते. आमच्या मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या काकूंचं एसीचं बिल चार महिने तळमजल्यावरचे आजोबा भरत होते. तुमच्या सोसायटीत कुणाचं बिल अचानक कमी आलंय का, हेही विचारून बघा.

दोन्ही लाइट थांबत नसतील तर न्यूट्रलची (परतीच्या वायरची) भानगड असू शकते. आताचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा प्रवाह मोजतात आणि त्यात फरक असेल तर जो जास्त तो धरतात. जुन्या इमारतींमध्ये दोन घरांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेला असतो. चाकाच्या मीटरला ते कळत नव्हतं, नव्याला कळतं. अशा वेळी मीटर निर्दोष असतो, दुरुस्ती वायरिंगची करावी लागते, आणि ती परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मीटरच्या पेटीत स्वतः हात घालू नका, सील तर अजिबात हलवू नका, नाहीतर तक्रारदाराचे आरोपी व्हाल.

यातलं काहीच सापडलं नाही, तर शुल्क भरून मीटर तपासणीचा अर्ज द्या आणि तपासणी होताना स्वतः हजर राहा. "तुमचा जुना मीटर सदोष होता, म्हणून मागचं वर्षभराचं वाढवून लावलं" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या वीज पुरवठा संहितेप्रमाणे सदोष मीटरच्या बिलाचं समायोजन जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतंच करता येतं, आणि तेही तपासणी अहवालाच्या आधारे.

"आधी भरा" याचं उत्तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये आहे. पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. आणि मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तेव्हा सरासरीची रक्कम भरा, सोबत "निषेध नोंदवून भरत आहे" असं पत्र द्या, आणि पावती व पोच एकत्र टाचून ठेवा. मी पत्रात कलमाचा क्रमांक लिहिला होता, त्यानंतर कुणी वीज तोडायची भाषा केली नाही.

१९१२ या वीज तक्रारीच्या फोन क्रमांकावरही तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक अर्जावर टाका. उपविभाग कार्यालयात दाद लागली नाही तर वीज कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. वकील लागत नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि वीज तोडायला अंतरिम मनाईही तिथे मागता येते. मंचाचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. पुढच्याच बिलात समायोजित युनिटच्या रकान्यात उणे ३०० आले. बाबांनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला.

तुम्ही नवीन मीटरचं आजचं रीडिंग, बिलावरचं मागील आणि चालू रीडिंग, आणि समायोजित युनिट एवढं इथे लिहा (ग्राहक क्रमांक लिहू नका). मी स्लॅबनिहाय आकडेमोड करून देते, ती अर्जाला जोडता येईल.