बीडीएस झालंय, नवऱ्याच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये आहे. अप्रेंटिसशिपमधून डेंटल नर्स होता येईल का?

हो, येईल, पण आधी दवाखान्यात ट्रेनी म्हणून नोकरी मिळवा. अप्रेंटिसशिप, म्हणजे काम करता करता शिकणं, त्या नोकरीवरच उभी राहते. भारतातल्या बीडीएसवर थेट डेंटल नर्स म्हणून नोंदणी करायची वाट मार्च २०२३ पासून बंद आहे, त्यामुळे असा मान्यताप्राप्त कोर्स करावाच लागतो; ही अप्रेंटिसशिप लेव्हल ३ ची, म्हणजे साधारण बारावीच्या पातळीची आहे. साधारण दीड वर्ष नोंदणीकृत व्यक्तीच्या देखरेखीखाली काम, शेवटी मूल्यमापन, मग जनरल डेंटल कौन्सिलकडे (तिथली दंतव्यवसायाची नियामक संस्था) नोंदणी.

बहुतेकांचं घोडं हेपॅटायटिस बी वर अडतं. नुसतं लसीचं कार्ड पुरत नाही, अँटीबॉडीचा रक्त अहवालही मागतात. तीन डोस आणि नंतरची तपासणी यात महिने जातात, तेव्हा अर्जाआधीच सुरुवात करा. मुलाखतीत बीडीएसचा फार डंका नको. वापरलेली अवजारं धुऊन, उजेडाच्या भिंगाखाली तपासून, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं, हा क्रम सांगता आला तर जास्त उपयोग.

एक अट मात्र बघा: डिपेंडंट व्हिसावर सरकारी निधी मिळायला सहसा कोर्सआधी सलग ३ वर्षं यूकेत कायदेशीर वास्तव्य लागतं.