रंगेल, लंपट की नुसताच रेक?

एक मैत्रीण इंग्रजीतली एक रीजन्सी प्रेमकादंबरी मराठीत आणते आहे. पहिल्याच प्रकरणात नायिकेची मावशी तिला बजावते, 'त्या ड्यूकपासून चार हात लांब राहा, तो रेक आहे.' या 'रेक'साठी मैत्रिणीने 'लंपट' लिहिलं. कच्चा खर्डा वाचणाऱ्या तिच्या बहिणीने ते खोडून 'रंगेल' केलं. आता प्रश्न माझ्याकडे आला आहे: दोघींत बरोबर कोण, आणि भांडण नको म्हणून 'रेक' तसाच ठेवला तर?

तसाच ठेवायला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण मुंबईची लोकल. आपल्याकडे हा शब्द रेल्वेने केव्हाच अडवून ठेवलाय. 'ड्यूक हा लंडनमधला नामांकित रेक होता' असं वाचलं की डोंबिवलीच्या वाचकाला बारा डबे दिसणार.

इंग्रजीत हा 'रेकहेल'चा तोडका अवतार. रेक म्हणजे पाचोळा ओढायचं दाताळं. नरक दाताळ्याने ओढून काढला तरच असा नग हाती लागेल, अशी त्याची फोड सांगतात. दुसरं मत असं की मूळ शब्द मध्ययुगीन इंग्रजीतला 'रॅकल', म्हणजे उतावळा, हेकट. दाताळं आणि नरक त्यात लोकांनी मागाहून घुसवले. (रॅकल आणि आपला रगेल, अर्थही जवळ, उच्चारही जवळ! नातं मात्र काहीएक नाही. असल्या जुळ्यांच्या नादी लागून मी पुष्कळ रात्री फुकट घालवल्या आहेत.)

रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचं मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून थोरला मुलगा रीजंट, म्हणजे राजाच्या जागचा कारभारी, होऊन राज्य बघत होता. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची अखेरची वर्षं चालली होती. पण रेक हा प्राणी त्याहून जुना, सतराव्या शतकातल्या दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारातला. १७३५ साली चित्रकार विल्यम होगार्थने एका रेकची कहाणी आठ चित्रांत छापली: बापाची इस्टेट हाती येते, पैसा बाया आणि जुगारात उडतो, कर्जापायी तुरुंग होतो, आणि शेवटच्या चित्रात वेड्यांचं इस्पितळ. त्या आठ चित्रांत 'रंगेल' कुठेच बसत नाही. खऱ्या रीजन्सीत लिहिणाऱ्या जेन ऑस्टिनकडेही ही मंडळी नायक नसतात; मुलींना भुलवतात आणि पसार होतात. त्यांनाच नायक करून शेवटी चर्चमध्ये उभं करायची रीत पक्की झाली ती विसाव्या शतकात, जॉर्जेट हेयर आणि तिच्या मागून आलेल्या लेखिकांच्या हातून.

म्हणजे एकच शब्द, पण होगार्थकडे तो शिवी आहे आणि आजच्या प्रेमकादंबरीत जवळजवळ पदवी. त्या काळातही बोलणारा कोण यावर त्याचं वजन ठरत असे. सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या क्लबात पत्ते पिसताना कुणी कुणाला रेक म्हटलं तर तो हसून मान डोलावेल. पण १८१२ मध्ये ली हंट या संपादकाने खुद्द रीजंटला 'लिबर्टीन', म्हणजे स्वैराचारी, म्हटलं, जुगाऱ्यांचा सोबती म्हटलं, घरची नाती तुच्छ मानणारा म्हटलं. बदनामीचा खटला उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी हंट आणि त्याचा भाऊ दोघेही दोन-दोन वर्षांसाठी तुरुंगात गेले. रीजंटचं वागणं गावाला ठाऊकच होतं. ते कोणत्या शब्दात छापायचं, तिथे घोडं पेंड खात होतं.

मराठीला या बाबतीत शब्दांची ददात नाही. अडचण उलटीच आहे: आपला प्रत्येक शब्द निकाल देऊन मोकळा होतो. 'गुलहौशी' आणि 'गुलछबू' यांना अत्तराचा वास आहे, गुन्हा फारसा नाही. 'रंगेल' म्हणताना बोलणारा गालात हसतो. 'खुशालचेंडू'त बापाच्या पैशावरची बेफिकिरी आली, पण बायका आल्याच नाहीत. 'छंदीफंदी' म्हटलं की हसू मावळतं, घरातली वडीलधारी बोलू लागतात. 'बाहेरख्याली' हा लग्न झालेल्या पुरुषाचा शब्द. अविवाहित ड्यूकला तो लावता येत नाही, कारण बाहेर असायला आधी घर लागतं. 'लंपट' म्हणजे किळस. त्याच्याही खाली 'बदफैली', थेट चावडीवरचा. पेशवे दप्तरात व्यभिचाराच्या प्रकरणांना 'बदअमल' म्हणत, आणि त्यापायी बटीक व्हायची पाळी यायची ती बाईवर. लंडनमध्येही बट्टा लागे तो मुलीलाच. ड्यूक पुढच्या मोसमात पुन्हा नाचायला हजर.

तेव्हा अनुवादकाने शब्द निवडला की कादंबरीचा न्यायही होऊन जातो. म्हणून मी मैत्रिणीला आधी उलटा प्रश्न केला: तुझ्या ड्यूकने केलंय काय? निम्म्याअधिक रीजन्सी कादंबऱ्यांत नायक रेक असल्याचं सगळं गाव सांगतं, आणि तो मात्र तीनशे पानं दाराच्या चौकटीला टेकून एक भुवई उंचावण्यापलीकडे काही करत नाही. कर्ज नाही, टाकलेली बाई नाही, कुठल्या खेड्यात वाढणारं मूल नाही. अशाला 'लंपट' म्हणणं हा लंपटांवर अन्याय आहे. 'गुलछबू' म्हणा आणि पुढे चला. चांगल्या लेखिकेकडे मात्र त्या पूर्वायुष्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते, आणि ती कोण मोजतंय हे आपल्याला दिसतं. तिथे शब्दाला दात हवेत.

मावशीच्या इशाऱ्यात नीतीइतकाच हिशेबही आहे. लग्न झालं की बायकोच्या हातातला पैसा कायद्याने नवऱ्याचा होई. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा, तर १८५७ पर्यंत पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदाच करून घ्यावा लागे. जुगारी जावई म्हणजे भाचीचा हुंडा पत्त्यांच्या टेबलावर. तरीही 'सुधारलेला रेक हाच उत्तम नवरा' ही समजूत तिकडे मुरलेली होती. सॅम्युअल रिचर्डसनने १७४८ मध्ये ती धोक्याची असल्याचं सांगायला एक अवाढव्य कादंबरी खर्ची घातली. आपल्याला ही समजूत नवी नाही. 'दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर' हे वाक्य किती आयांनी आपल्या दिवट्यांसाठी म्हटलं असेल! ताळ्यावर आणायचं काम परक्याच्या लेकीवर, हेही दोन्हीकडे सारखंच.

जाता जाता: 'डँडी'लाही, म्हणजे कपड्यांच्या नखऱ्यात रमणाऱ्यालाही, 'रंगेल' लावणारे अनुवाद मी पाहिले आहेत. ती चूक आहे. ब्यू ब्रमेल हा डँडींचा मेरुमणी. त्याचा जीव गळपट्ट्याच्या गाठीत. त्याला 'छेलबटाऊ' फार तर चालेल.

आता मैत्रिणीच्या पानावरचं वाक्य. ड्यूकने काय केलंय याचं उत्तर तिने दिलं: दुसऱ्या प्रकरणात त्याच्यामुळे एका पाद्रीच्या मुलीला गाव सोडावं लागलेलं आहे. मावशीला ते ठाऊक आहे, पण कुलीन बाई भाचीसमोर 'लंपट' तोंडातून काढणार नाही. तेव्हा, 'त्याच्यापासून चार हात लांब राहा हो, माणूस छंदीफंदी आहे.' पाद्री स्वतः बोलेल तिथे 'लंपट' खुशाल ठेवावा. क्लबातल्या मित्रांना 'रंगेल गडी' द्यावा. आणि शेवटच्या प्रकरणात नायिका लग्नानंतर चारचौघांत नवऱ्याला हसत रेक म्हणते, तिथे बहिणीचा 'रंगेल' अगदी चपखल बसतो. फक्त त्या पाद्रीच्या मुलीचं पुढे काय झालं हे लेखिकेने सांगितलंय का, ते मैत्रिणीने अजून मला कळवलेलं नाही.